सृष्टिनिर्मितीवाद आणि विज्ञानाची बाजू

सजीवांच्या जाती ईश्वराने वेगवेगळ्या आणि आज दिसतात जवळपास तशाच निर्माण केल्या, असे सृष्टिनिर्मितीवाद मानतो. शिवाय हे मत विज्ञान म्हणून मान्य व्हावे, असा त्याचा आग्रह असतो. या दोन गोष्टींपैकी दुसरी अधिक महत्त्वाची. जगाला कोणी कर्ता आहे ही श्रद्धा कोट्यवधी माणसे बाळगतात, त्यांत नामवंत शास्त्रज्ञही आहेत, आणि त्या श्रद्धेशी जीवशास्त्राचे काही भांडण नाही. ही श्रद्धा पाठ्यपुस्तकात शिरून उत्क्रांतीच्या बरोबरीची जागा मागू लागली, की भांडण सुरू होते. त्या मागणीला उत्तर द्यायचे तर विज्ञान नेमके कशाला म्हणायचे, हे आधी स्पष्ट करावे लागते. म्हणून हा विषय डार्विनपुरता मर्यादित राहत नाही. फलज्योतिष, लसविरोध, प्राचीन विमाने अशा सगळ्या दाव्यांना तो लागू होतो.

सृष्टिनिर्मितीवादाचे सगळे प्रकार सारखे नाहीत. सर्वांत कडवा प्रकार बायबलमधल्या वंशावळींवरून पृथ्वीचे वय सहा ते दहा हजार वर्षे धरतो. १७व्या शतकात आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी सृष्टीच्या आरंभाचे वर्ष इ.स.पू. ४००४ असे काढले होते, त्या गणिताचीच ही परंपरा. दुसरा प्रकार पृथ्वीचे प्रचंड वय मान्य करतो, पण एका जातीपासून दुसरी जात होते हे मान्य करत नाही. तिसरा सगळ्यांत नवा आणि सगळ्यांत सावध. ‘इंटेलिजंट डिझाइन’ या नावाने तो वावरतो, देवाचे नाव घेत नाही आणि सजीवांची रचना कोणा बुद्धिमान रचनाकाराशिवाय शक्य नाही एवढेच म्हणतो.

पृथ्वीच्या वयाचा प्रश्न खरे तर डार्विनच्या आधीच सुटत आला होता, आणि तो सोडवणाऱ्यांत धर्मोपदेशक भूशास्त्रज्ञ होते. केंब्रिजचे अ‍ॅडम सेजविक हे चर्चचे दीक्षित पाद्री. पृष्ठभागावरचे वाळू-गोट्यांचे सगळे थर नोहाच्या महापुरात साचले, या मताला त्यांनी काही काळ आधार दिला होता. प्रत्यक्ष थर पाहिल्यावर १८३१ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ते मत जाहीरपणे मागे घेतले. पुढे १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे काढले. आजचा आकडा ४५४ कोटींचा आहे. तरीही १९६१ साली अमेरिकेत एक धर्मशास्त्रज्ञ आणि एक जलअभियंता, जॉन व्हिटकम आणि हेन्री मॉरिस, यांनी ‘द जेनेसिस फ्लड’ हे पुस्तक लिहून महापुराचे भूशास्त्र पुन्हा उभे केले. आजची कडवी चळवळ त्या पुस्तकातून वाढली.

एका वर्षाच्या पुराने सगळे खडक घडले हा दावा तपासण्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. सह्याद्रीचा कोणताही घाट चढताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या कातळाचे एकावर एक थर दिसतात. हे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचे लाव्हे. दोन काळ्या थरांच्या मधे अनेक ठिकाणी विटकरी, तांबड्या मातीची पट्टी असते. खालचा लाव्हा निवून, उन्हापावसात झिजून त्याची माती व्हायला लागलेल्या काळाची ती खूण. त्यानंतर वरचा लाव्हा वाहत आला आणि त्याने ती माती भाजून काढली. मुंबईत वरळीच्या टेकडीत लाव्ह्यांच्या दरम्यानच्या गाळात लहान बेडकांचे जीवाश्म सापडले आणि रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच त्यांचे वर्णन केले. हे ओवेन पुढे डार्विनचे कडवे विरोधक झाले. बेडूक राहायला डबके लागते, डबके साचायला निवालेला खडक लागतो आणि त्यावर पुन्हा लाव्हा यायला आणखी काळ लागतो. जग बुडवणाऱ्या एका पुरात हे सगळे बसत नाही.

अमेरिकेत हा वाद कायद्याच्या दारात गेला तो १९२५ मध्ये. टेनेसी राज्याने सरकारी शाळांत माणसाची उत्क्रांती शिकवणे गुन्हा ठरवला. डेटन गावातल्या जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर खटला झाला आणि त्याला १०० डॉलर दंड झाला. पुढे वरच्या न्यायालयाने ही शिक्षा रद्द केली ती तांत्रिक कारणावरून. कायदा मात्र १९६७ पर्यंत टिकला. अशा बंदीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली घटनाबाह्य ठरवले, तेव्हा चळवळीने डाव बदलला. बंदी घालता येत नसेल तर बरोबरीचा वेळ द्या, दोन्ही बाजू शिकवा, अशी मागणी आली आणि आर्कान्सा व लुइझियाना राज्यांनी १९८१ मध्ये तसे कायदेही केले. आर्कान्साचा कायदा १९८२ मध्ये पडला. लुइझियानाचा कायदा १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. त्या वेळी ७२ नोबेल विजेत्यांनी न्यायालयापुढे विज्ञानाची बाजू मांडणारे निवेदन दिले होते. पुढच्या कायदेशीर लढाईत सृष्टिनिर्मितीवादाने ‘इंटेलिजंट डिझाइन’चा पोशाख घातला.

या पोशाखाची तपासणी पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर या छोट्या गावात झाली. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात एक निवेदन वाचून दाखवावे. डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत आणि पर्यायी विचारासाठी ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे पुस्तक ग्रंथालयात आहे, असा त्याचा आशय होता. विज्ञानाच्या शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला, तेव्हा शाळेचे अधिकारी वर्गात येऊन वाचून गेले. ११ पालक न्यायालयात गेले. २००५ च्या सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत सुनावणी चालली. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक रिपब्लिकन अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी केली होती, त्यामुळे ठरावाच्या समर्थकांना त्यांच्याकडून आशा होती.

पांडांच्या पुस्तकाचे जुने कच्चे मसुदे न्यायालयाने मागवले आणि खटल्याचा रंग पालटला. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका बार्बरा फॉरेस्ट यांनी ते मसुदे ओळीने लावून दाखवले. १९८७ च्या निकालाआधीच्या मसुद्यांत जागोजागी ‘क्रिएशनिस्ट्स’ होते; निकालानंतरच्या मसुद्यांत त्याच वाक्यांत, त्याच जागी ‘डिझाइन प्रपोनंट्स’ आले. एका ठिकाणी बदल घाईने झाला होता. जुन्या शब्दाचे पहिले अक्षर पुढे आणि शेवटची अक्षरे मागे शिल्लक राहिली होती, मधे नवे शब्द अडकले होते. वाक्यांचा बाकी आशय तोच. नवे संशोधन झाले म्हणून नवा सिद्धांत आला असे घडले नव्हते. न्यायालयाचा निकाल आला म्हणून नाव बदलले होते.

वैज्ञानिक बाजूही तितकीच तपशिलात लढली गेली. ‘इंटेलिजंट डिझाइन’चे प्रमुख साक्षीदार होते जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही. काही जैविक यंत्रणांचा एक भाग काढला तरी त्या निकामी होतात, म्हणून त्या टप्प्याटप्प्याने घडलेल्या असू शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. प्रतिकारयंत्रणेची उत्क्रांती विज्ञानाला समजावता आलेली नाही, असे त्यांनी लिहिले होते. उलटतपासणीत त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध, शिवाय पुस्तके, त्यांच्यापुढे रचून ठेवण्यात आली. हा पुरावा पुरेसा नाही, असे ते म्हणाले. विज्ञानाची त्यांनी केलेली व्याख्या लावली तर फलज्योतिषही विज्ञान ठरते, हेही त्यांना मान्य करावे लागले. २० डिसेंबर २००५ रोजी १३९ पानांचा निकाल लागला. ‘इंटेलिजंट डिझाइन’ विज्ञान नाही, तो सृष्टिनिर्मितीवादच आहे, असे न्यायालयाने नोंदवले. त्याआधीच, नोव्हेंबरच्या निवडणुकीत, गावकऱ्यांनी ठरावाच्या बाजूचे फेरनिवडणुकीला उभे असलेले सदस्य घरी बसवले होते. मंडळावर खटल्याच्या खर्चाचा सुमारे १० लाख डॉलरचा बोजा पडला.

पालकांच्या बाजूने पहिली साक्ष दिली ती ब्राउन विद्यापीठाचे केनेथ मिलर यांनी. ते श्रद्धाळू कॅथलिक आहेत. त्यांनी मांडलेला एक मुद्दा विज्ञान कसे काम करते हे लख्ख दाखवतो. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? एवढी मोठी जनुकसंपत्ती नाहीशी होऊन प्राणी जगला नसता. तेव्हा दोन गुणसूत्रे कुठेतरी एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत. तसे असेल तर माणसाच्या एखाद्या गुणसूत्राच्या मधोमध, एरवी फक्त टोकांना असणारा डीएनएचा ठरावीक क्रम सापडायला हवा, आणि गुणसूत्रबिंदूही एकाऐवजी दोन, त्यातला एक निष्क्रिय झालेला, दिसायला हवा. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात या दोन्ही खुणा सापडल्या. त्या सापडल्या नसत्या तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत आली असती.

काय सापडायला हवे ते आधी सांगायचे आणि मग शोधायला निघायचे, हीच विज्ञानाची खरी ताकद. नील शुबिन आणि त्यांचे सहकारी माशांपासून चार पायांच्या प्राण्यांकडे जाणारा दुवा शोधत होते. तो कोणत्या काळातल्या, कोणत्या प्रकारच्या खडकात असावा हे त्यांनी नकाशावरून ठरवले आणि कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातल्या एल्समीर बेटावर वर्षानुवर्षे खणले. २००४ मध्ये त्यांना ‘टिकटालिक’ मिळाला. सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा हा जीव. माशासारखे खवले व कल्ले, पण मान मोकळी आणि परांच्या आत मनगटासारखी हाडे.

देवमाशांची गोष्ट तर भारतीय उपखंडातच घडलेली आहे. जमिनीवरचा सस्तन प्राणी समुद्रात जाऊन देवमासा कसा होईल, मधले प्राणी दाखवा, हा सृष्टिनिर्मितीवाद्यांचा एके काळचा आवडता प्रश्न. ते मधले प्राणी १९८० नंतर पाकिस्तानात आणि कच्छमध्ये एकामागून एक मिळत गेले: पाकिसेटस, अँब्युलोसेटस, कच्छीसेटस. त्या मालिकेतला सर्वांत चटका लावणारा दुवा जम्मू-काश्मीरचा. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी राजौरीच्या कालाकोट भागातून जीवाश्म असलेले दगड गोळा केले होते. त्यांच्या निधनानंतर बरेचसे दगड न फोडलेलेच राहिले. त्यांच्या पत्नीने ते जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्या हवाली केले. दगड साफ करताना प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी चुकून फुटली आणि कानाचे हाड उघडे पडले. त्या हाडाची आतली भिंत एका विशिष्ट पद्धतीने जाड होती, आणि ही जाडी तोवर केवळ देवमाशांच्या कुळातच माहीत होती. हा प्राणी म्हणजे ‘इंडोहायस’, सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा, खुरांचा. पाण्यात बुडून चालणाऱ्या प्राण्यांची असतात तशी त्याच्या पायांची हाडेही भरीव आणि जड होती. २००७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

सृष्टिनिर्मितीवादाकडे असे एकही उदाहरण नाही. रचनाकार हवे ते हवे तसे करू शकतो, हे मान्य केल्यावर काय सापडू नये हे सांगताच येत नाही. म्हणून त्याचे सगळे बळ दुसऱ्याच्या उणिवा दाखवण्यात जाते. एक दुवा सापडला की त्याच्या अलीकडची आणि पलीकडची अशा दोन नव्या फटी दाखवता येतात. डोळा कसा घडला असेल हा प्रश्न डार्विनने ‘ऑन द ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये स्वतः उपस्थित केला आणि पुढच्याच ओळींत त्याचे उत्तर दिले; सृष्टिनिर्मितीवादी पुस्तकांत प्रश्न उतरवला जातो, उत्तर गळते. शास्त्रज्ञांत उत्क्रांतीच्या वेगाबद्दल किंवा यंत्रणेबद्दल मतभेद असले की उत्क्रांती झाली याबद्दलच मतभेद असल्याचे सांगितले जाते. हीच रीत इतरत्रही दिसते. गोवराची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध अवघ्या १२ मुलांवर उभा होता. ‘लॅन्सेट’ने तो २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही.

भारतात सहा हजार वर्षांच्या पृथ्वीचा आग्रह फारसा रुजला नाही. पुराणांतल्या कल्प-मन्वंतरांचे आकडे अब्जावधी वर्षांचे आहेत, त्यामुळे प्रचंड काळाची इथे कुणाला धास्ती वाटत नाही. इथला विज्ञानविरोध वेगळ्या वाटेने येतो: हे सगळे आमच्याकडे आधीच होते. दशावतारांत मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने उत्क्रांतीच सांगितली आहे, असे अनेक घरांत कौतुकाने सांगितले जाते. हा अर्थ डार्विननंतरचा आहे. थिऑसफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ मध्ये तो मांडला. दशावतार ही भक्तीची आणि काव्याची मोठी निर्मिती आहे. तिच्यात नैसर्गिक निवड शोधल्याने तिचा मान वाढत नाही आणि जीवशास्त्रही कळत नाही. २०१५ च्या जानेवारीत मुंबई विद्यापीठात भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर व्याख्यान झाले. त्यासाठी आधार मानला जाणारा ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच तपासला होता. ग्रंथ २०व्या शतकाच्या सुरुवातीचा आहे आणि त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. चार दशके हा निष्कर्ष छापलेला असूनही व्याख्यान झाले, हे अधिक गंभीर आहे.

फलज्योतिषाच्या बाबतीत महाराष्ट्राने मात्र एक आदर्श घालून दिला आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये पुण्यात एक चाचणी आखली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. बुद्धिमत्ता कुंडलीवरून सांगता येते असे म्हणणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कोणत्या गटातली ते विचारले. ४० पैकी २८ बरोबर आल्या तर यश मानायचे, हे आधीच ठरले होते. ५१ जणांनी कुंडल्या नेल्या, २७ जणांनी उत्तरे दिली. सर्वांत चांगला निकाल २४ चा. सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खाली, म्हणजे नाणे उडवून ठरवले असते तरी चालले असते. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या पाहिल्या, त्यातल्या १०२ बरोबर आल्या. या चाचणीत कुणाची टिंगल झाली नाही, कुणाला भामटा म्हटले गेले नाही. दावा काय, तो खरा असेल तर काय दिसेल, आणि काय दिसले, एवढेच तिने विचारले. विज्ञानाचा बचाव करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा मुळातून वाचावी.

विद्यापीठांत ज्योतिषाचे विभाग सुरू करण्याच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००१ च्या निर्णयाविरुद्ध शास्त्रज्ञ पुष्प भार्गव सर्वोच्च न्यायालयात गेले होते. २००४ मध्ये न्यायालयाने हस्तक्षेप करायला नकार दिला. डोव्हरसारखा निकाल इथे मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. अमेरिकेच्या घटनेत राज्य आणि धर्म यांच्यात जी भिंत आहे ती भारताच्या घटनेत त्या रूपात नाही. उलट इथे नागरिकावर एक कर्तव्य सोपवलेले आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक वृत्ती वाढवणे हे १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद ५१-क मध्ये, मूलभूत कर्तव्य झाले. महाराष्ट्रात या कर्तव्याची किंमत मोजली गेली आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली. त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण तो कायदा अघोरी कृत्ये आणि फसवणूक यांच्याविरुद्ध आहे. पाठ्यपुस्तकात काय असावे हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही.

तो प्रश्न अलीकडे दोनदा पुढे आला. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत बोलताना केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेला नाही, हे त्यांचे कारण. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. डोळ्यांदेखत घडले नाही ते विज्ञान नाही, असे मानले तर भूशास्त्र, खगोलशास्त्र आणि गुन्ह्याचा तपास, तिन्ही बाद होतात. शिवाय आजच्या माकडांचा माणूस झाला असे उत्क्रांती सांगतच नाही. दोघांचा पूर्वज एक होता, एवढे ती सांगते. दुसरा प्रसंग २०२३ चा. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. अभ्यासाचा भार कमी करणे हे त्याचे कारण सांगितले गेले. १८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती राहिली आहे, पण दहावीनंतर जीवशास्त्र न घेणारा विद्यार्थी तिथपर्यंत पोहोचत नाही. भार कमी करायचा तर जीवशास्त्राला अर्थ देणारे प्रकरणच काढणे हे समर्थनीय नाही.

उत्तर द्यायचे कसे, याचाही अनुभव गाठीशी आहे. व्यासपीठावरच्या वादविवादात विज्ञानाची बाजू सहसा कमी पडते. एका मिनिटात दहा दावे फेकता येतात, त्यातल्या एकाचे नीट उत्तर द्यायला तास लागतो. लिहून, सावकाश, एकेका दाव्याचा माग काढत दिलेले उत्तर टिकते. डोव्हरमध्ये तेच कामी आले. अमेरिकेत १९८०च्या दशकापासून ‘नॅशनल सेंटर फॉर सायन्स एज्युकेशन’ ही संस्था गावोगावच्या शिक्षकांना आणि पालकांना असेच साहाय्य करत आली आहे. श्रद्धावान माणसाला आधी श्रद्धा सोड म्हणण्याचीही गरज नाही. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राच्या उभारणीतले एक प्रमुख नाव, थिओडोशियस डोबझान्स्की, ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. मिलर यांची साक्ष डोव्हरच्या न्यायालयात प्रभावी ठरली, त्याला त्यांच्या श्रद्धेचाही हातभार लागला असावा.

मराठी वाचकासाठी हे काम मराठीतच व्हायला हवे, आणि त्याची सुरुवात शाळेतून करता येते. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २ या पुस्तकात पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हे आहे. जीवाश्म, कार्बन वयमापन, डार्विन, लामार्क, मानवाची उत्क्रांती, सारे त्यात आहे. शिक्षकांनी हे प्रकरण परीक्षेच्या गुणांपुरते उरकू नये. वर्ग घाटात न्यावा, तांबड्या मातीची पट्टी मुलांना हाताने दाखवावी आणि ती तिथे कशी आली, हे आधी त्यांनाच विचारावे.